डिस्क गेली, चिठ्ठी परत आली

महाडच्या बाजारपेठेत तळमजल्यावर ज्याचं काही आहे, त्याला पावसाळ्याआधी ते वर चढवावं लागतं. मे संपत आला की दुकानदार खालच्या फळ्या रिकाम्या करतात, फ्रीज कुठे न्यायचा यावरून घराघरांत वाद होतात. भिंतीवर मागच्या पुराची मातकट रेघ असते, तिच्याकडे बघून कोणती वस्तू किती उंच ठेवायची ते ठरतं. आमच्या मंडळाची खोली बाजारातच, एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानामागे आहे. तिथली रेघ माझ्या डोक्याच्या वर वीतभर आहे. दोनदा रंग काढला, तरी ती आतून वर येतेच.

मंडळ म्हणजे आम्ही सहा-सात माणसं. औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदारीवरच्या कामगारांसाठी पत्रकं काढायची, कोणी भाजलं, कोणाला कामावरून काढलं तर अर्ज लिहून द्यायचे, हे आमचं काम. मंडळाचे कर्तेधर्ते मास्तर. पोलादपूरच्या शाळेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. तीस वर्षं प्रत्येक पत्रक त्यांनीच लिहिलं.

माझे वडील महाडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, नंतर ऑफसेटवर गेले. मास्तरांची पत्रकं तिथेच छापली जायची. आमच्या घरी वह्यांना घालायला खाकी कागद कधी विकत आणला नाही, उरलेली पत्रकं पुरायची. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं जुळवून पहिली ओळ वाचली ती 'कामगार बंधू-भगिनींनो, किती दिवस मान खाली घालणार?' ही. इतर मुलींना गोष्टी ऐकून राजकन्या माहीत होत्या, मला ठेकेदार माहीत होता. रागवायला मी मास्तरांच्या भाषेत शिकले. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते कुठल्या परक्या माणसाकडून झालं असतं तर मी त्यावर एक झणझणीत पत्रक लिहून मोकळी झाले असते.

मंडळाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. मी महाडमध्ये संगणकाच्या वर्गात शिकवते, त्यामुळे तो आपोआप माझ्या गळ्यात पडला. त्याला इंटरनेट नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. पेनड्राइव्ह लावायचा नाही, हाही नियम. कारण त्याच्या हार्डडिस्कवर पत्रकांच्या शेजारी अकरा जबान्या होत्या. एकाच कारखान्यातले अकरा कामगार. टाकी धुवायला मास्क न देता कसं उतरवतात, भाजलं तर दवाखान्यात 'घरी चुलीवर भाजलं' असं कसं सांगायला लावतात, हे त्यांनी आमच्यासमोर बसून, खऱ्या नावागावासकट सांगितलं होतं. नावाशिवायच्या जबानीला कुठल्याही खात्यात किंमत नाही, म्हणून नावं हवी होती. पण ते स्वतः 'आता द्या' म्हणेपर्यंत ती नावं आमच्या खोलीबाहेर जाणार नाहीत, असा शब्द आम्ही दिला होता. ठेकेदाराला माणूस काढायला कारण लागत नाही. 'उद्या येऊ नको' एवढं म्हटलं की झालं. अकरा घरांचं काम त्या एका डिस्कवर होतं.

"एकच प्रत, एकच जागा," हे मास्तरांचं वाक्य. वर्गात मी मुलांना रोज सांगते, महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत ठेवा. इथे मात्र मी ते मुकाट्याने गिळलं. त्यांचं कारण मला पटलं होतं.

आता पावसाळ्याचा प्रश्न. कॉम्प्युटरचं कॅबिनेट माळ्यावर जायचं, पण माळ्यावर ओल येते आणि मोठ्या पुरात माळाही वाचत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी डिस्कचे चार स्क्रू काढायचे, ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायचे आणि डबा पोलादपूरला मास्तरांच्या घरी ठेवून यायचे. त्यांचं घर उंचावर. गणपती गेले की डबा परत महाडला. महाडबाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. आमच्याकडे कोणाचे सोन्याचे दागिने, कोणाची घराची कागदपत्रं अशीच उंचावरच्या नातेवाइकाकडे पावसाळा काढतात. दोन वर्षांपूर्वी मी डिस्कवर एक चिठ्ठीही लावली होती, माझ्या अक्षरात: 'वाळल्यावरच जोडा.' एकदा घाईत दमट डिस्क जोडून मी हात पोळून घेतले होते, म्हणून.

गेल्या वर्षी श्रावणात त्या अकरांपैकी दोघांचं काम गेलं. ठेका बदलला, असं कारण मिळालं. मी बैठकीत म्हटलं, "दोघंही आपल्याच यादीतले कसे?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "योगायोग असेल. पत्रकात घेऊ नकोस. उगाच बाकीच्यांवर नजर जाईल."

मला वाटलं, केवढा विचार करतात हे.

त्या दोघांतला एक टाकी विभागातला. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना एक वाडी लागते, तिथला. तो मला एकदा महाडच्या बाजारात दिसला. मी हाक मारली. त्याने कांद्याच्या ढिगाकडे तोंड फिरवलं आणि कांदे निवडत राहिला. काम गेलेलं माणूस, मन थाऱ्यावर नसेल, असं मी धरलं.

अनंत चतुर्दशी झाली. मास्तरांनी कोणाच्या तरी हाती डबा पाठवला. रविवारी सकाळी मी खोली उघडली, कॅबिनेट माळ्यावरून उतरवलं, झुरळं झटकली, डिस्क जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढरी ओळ आली. अर्थ असा, की सुरू होता येईल असं काही सापडत नाही, योग्य डिस्क निवडा आणि परत सुरू करा.

मी घाबरले नाही. दरवर्षी काहीतरी होतंच. तीन-चार महिने वीज नसली की बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मरतो आणि कॉम्प्युटर तारीख, वेळ, कोणत्या डिस्कपासून सुरू व्हायचं, सगळं विसरतो. घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, बसवला, आतल्या सेटिंगच्या निळ्या पानावर गेले. तारीख घातली. डिस्कचा क्रम लावायला खाली आले आणि थांबले.

डिस्कच्या नावापुढे ५०० जीबी लिहिलं होतं. आमची डिस्क ३२०ची. तो आकडा मी दर वर्षी याच पानावर बघत आले होते.

पहिल्यांदा मला माझाच संशय आला. मग वीज बंद करून डिस्क बाहेर काढली. चिठ्ठी माझीच होती. अक्षर माझं, 'जोडा'वर पडलेला चहाचा डागही माझा. पण मी ती चिकटपट्टीने लावली होती. आता ती फेविकॉलने बसवलेली होती, नीट, चारी कोपरे दाबून. कागदाच्या वरच्या कडेला जुन्या चिकटपट्टीची पिवळी खूण राहिली होती.

डिस्क दुसरी होती आणि तिच्यावर माझी चिठ्ठी होती.

स्कूटी काढली. महाड ते पोलादपूर हमरस्त्याने अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी मास्तरांसाठी दहा कारणं तयार केली. डिस्क पडली असेल. मुंग्या गेल्या असतील. सांगायचं राहून गेलं असेल. प्रत्येक कारण मला चालणार होतं, फक्त त्यांनी ते तोंडाने सांगायला हवं होतं.

मास्तर पडवीत पेपर वाचत होते. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या.

"ये गो," काकी म्हणाल्या. "उन्हाची आलीस? बस, सरबत करते."

मी डिस्क मास्तरांच्या पेपरावर ठेवली. "ही आपली नाही."

मास्तरांनी डिस्ककडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, हे तेव्हाच कळलं.

"जुनी कटकट आवाज करत होती," ते म्हणाले. "म्हणून नवीवर उतरवून घेतली. तुझंच काम सोपं झालं की."

"जोडल्याशिवाय आवाज कसा करेल, मास्तर? ती डब्यात होती."

काकींचा हात सुपात थांबला.

"पुस्तकाचं सांगा ना तिला," काकी म्हणाल्या. "त्यात काय लपवायचं हाय? गो, ह्यांना पंचाहत्तरावं लागतंय. भाचा म्हणाला, मामा, तुमच्या सगळ्या पत्रकांचं पुस्तक काढू. ती सगळी त्या डिस्कात हायत ना. म्हणून नेली त्यानं."

भाचा. मास्तरांचा एकुलता एक भाचा वसाहतीत कामाला आहे, हे मला माहीत होतं. कुठल्या कारखान्यात, तेही माहीत होतं. त्याच. कॉम्प्युटर विभागात. टाकीत उतरवल्या जाणाऱ्या माणसांची हजेरी ज्या यंत्रावर लागते, ते यंत्र सांभाळतो.

"तिथे नेली?" मी विचारलं. "त्या ऑफिसात?"

"त्याच्याकडे नक्कल करायचं साधन तिथेच आहे," मास्तर म्हणाले. "घरचा मुलगा आहे. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरवलाय. तो काय उघडून वाचत बसणार आहे?"

"आणि जुनी डिस्क?"

"त्याच्याकडेच राहिली. खराबच होती म्हणतो."

एवढ्यावर मी कदाचित थांबले असते. म्हातारा माणूस, आपलं लिहिलेलं पुस्तकात बघायचा मोह, घरच्या मुलावर विश्वास. चूक होती, अकरा घरांना भोवेल अशी चूक, पण माणसाची चूक होती. मी फक्त एक विचारलं.

"चिठ्ठी कोणी लावली?"

मास्तर पेपरची घडी घालायला लागले. काकी खाली बघून म्हणाल्या, "फेविकॉल मीच आणून दिला गो. मला म्हणाले, पोरीची चिठ्ठी हाय, सुटलीय. मला काय ठाव."

"ती जुन्या डिस्कवर होती," मी म्हटलं. "जुनी डिस्क भाच्याकडे. मग चिठ्ठी इथे कशी आली?"

मास्तरांनी घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला. "श्रावणात ते दोघं गेले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी भाच्याला फोन केला. म्हटलं, ती चिठ्ठी तेवढी काढून पाठव."

"डिस्क नाही मागितलीत?"

"मागून काय उपयोग होता? झालं ते झालं होतं."

"चिठ्ठी मागितलीत."

"तू लगेच ओरडत सुटली असतीस. मंडळ मोडलं असतं. तीस वर्षांचं काम आहे, बाय."

ते मला लहानपणापासून 'बाय' म्हणतात. सरबताचा पेला काकींनी माझ्यापुढे ठेवला होता. तो तसाच ठेवून मी उठले.

"अजून नऊ जण कामावर आहेत," मास्तर मागून म्हणाले. "तू बोललीस तर तेच घाबरतील. थोडं थांब. विचार कर."

आमच्या पत्रकांत 'विश्वासघात' हा शब्द किती वेळा आला असेल, मी मोजलेला नाही. जवळजवळ प्रत्येक पत्रकात. ठेकेदाराने केलेला, व्यवस्थापनाने केलेला, निवडून दिलेल्यांनी केलेला. मीही तो टाइप केलाय, ठळक अक्षरात, पुढे उद्गारचिन्ह देऊन. परतीच्या वाटेवर मला तो शब्द एकदाही आठवला नाही. फेविकॉल लावून चारी कोपरे दाबणारी मास्तरांची बोटं दिसत होती. त्याच बोटांनी त्यांनी माझ्या पाचवीच्या निबंधावर लाल पेनाने 'छान' लिहिलं होतं.

महाडला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नऊ जणांना सांगायचं होतं, पण अडचण अशी, की नऊ जण कोण हे मला पूर्ण ठाऊक नव्हतं. जबान्या आम्ही वाटून घेतल्या होत्या, मुद्दाम, म्हणजे एकाला धरलं तर सगळी नावं फुटणार नाहीत. मी चौघांच्या घेतल्या होत्या, काढलेले दोघं त्यांतलेच. बाकी नावं फाइलमध्ये, आणि फाइल या न सुरू होणाऱ्या नकलेत. डिस्क वर्गातल्या एखाद्या कॉम्प्युटरला जोडून बघता आली असती. पण तिथले सगळे एकमेकांना जोडलेले. ज्या डिस्कला आधीच नको ती जागा दाखवून झाली, तिला आणखी एक दाखवायची नाही, एवढं तरी मी पाळणार होते. शिवाय जबान्या जुन्या मराठी टायपात होत्या. तो टाइप त्या एकाच कॉम्प्युटरवर आहे, दुसरीकडे फाइल उघडली तर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. कारखान्यातल्यांनाही तशीच खिचडी दिसली असेल, अशी आशा मला क्षणभर वाटली. मग आठवलं, त्यांच्याकडे मूळ डिस्क आहे, टायपासकट, सगळ्यासकट. अस्सल त्यांच्याकडे आणि नक्कल आमच्याकडे.

वर्गाची किल्ली माझ्याकडे असते. तिथून विंडोजची जुनी डीव्हीडी आणली आणि तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू केला. दुरुस्तीच्या काळ्या खिडकीत डिस्कचे भाग मागवले. तिथे गोम कळली. आमच्या डिस्कवर दोन भाग होते. एक अगदी छोटा, ज्यावरून कॉम्प्युटर जागा होतो, आणि एक मोठा, ज्यावर बाकी सगळं. भाच्याने फक्त मोठा उचलला होता. आमचा कॉम्प्युटर परत चालू झाला पाहिजे, याच्याशी त्याला घेणंदेणंच नव्हतं.

मोठ्या भागालाच 'इथून सुरू हो' अशी खूण केली आणि सुरुवातीच्या फाइली त्यावर नव्याने लिहायला सांगितल्या. नकार आला. परत. परत नकार. घाम पुसून यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, दुरुस्तीच्या खिडकीत डिस्कच्या भागांची अक्षरं बदलतात. मी ज्याला सी समजत होते, तो इथे डी झाला होता. हे मी मुलांना शिकवते! डी घालून हुकूम दिला, फाइली लिहिल्या गेल्या. डीव्हीडी काढली, सुरू केलं. विंडोजचं चिन्ह आलं, मी हुश्श म्हणते तोच निळा पडदा. क्षणभर चमकला आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून. तीनदा तेच.

निळा पडदा भाच्याचा नव्हता, माझा होता. सकाळी नवा सेल घातल्यावर सगळी सेटिंग कॉम्प्युटर नवा होता तेव्हासारखी झाली होती. डिस्कशी बोलायची एक जुनी पद्धत आणि एक नवी पद्धत असते. आमचं विंडोज जुन्या पद्धतीवर बसवलेलं, सेटिंग मात्र आता नवीवर गेलेली. दोघांचं एकमेकांना कळत नव्हतं. त्या निळ्या पानावर जाऊन पद्धत परत जुनी केली.

सुरू झाला. पडद्यावर मागचं चित्र आलं. मास्तर, दहा वर्षांपूर्वीच्या मोर्चातले, तोंडाला भोंगा लावलेले. मीच लावलं होतं ते चित्र. फाइल उघडली, अकरा नावं आणि गावं वहीत उतरवली, आणि बंद करण्याआधी ते चित्र काढून टाकलं. मागे नुसता काळा रंग ठेवला. मग खोलीत एकटी बसून रडले, हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं ते असं झालं.

सगळ्यात आधी कोणाकडे जायचं, हा प्रश्नच नव्हता. ज्याने कांद्याच्या ढिगाकडे तोंड फिरवलं होतं त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वाडीत पोचले. तो अंगणात कोयतीला धार लावत होता. कोकणात दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. त्याने विचारलं नाही.

"काय गो," तो म्हणाला, "आता काय राहिलंय न्यायचं?"

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. डिस्क, भाचा, ऑफिस. तो कोयती घासत राहिला. मग म्हणाला, "मला ठाव हाय. मला वाचून दाखवलं त्यांनी."

"काय?"

"माझंच बोलणं. हापिसात बोलावलं, खुर्ची दिली. पाच वर्षांत कधी खुर्ची दिली नव्हती. म्हटलं आता काय बढती देतात का काय!" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मग कागद काढला नि वाचला. माझी बायको माझा सदरा बाकीच्या कपड्यांत धुवत नाय, येगळा धुते, पोरांच्या कपड्यांना वास लागतो म्हणून. ते बी होतं त्यात. ते मी तुझ्याम्होरं बोललो होतो. दुसरं कोण होतं त्या खोलीत?"

कोणी नव्हतं. मी आणि तो. मी टाइप करत होते.

"तुम्हाला वाटलं, मी दिलं."

"मग काय वाटणार? बायकोला म्हटलं, शिकलेली पोर हाय, तिला बी पोट हाय, दिलं असंल." त्याने कोयतीची धार अंगठ्याने बघितली. "राग तुझा नाय आला. माझाच आला. सदऱ्याचं कशाला बोललो, म्हणून."

एक महिना हा माणूस मला फितूर समजून जगत होता आणि मी त्याला दुःखी समजत होते. मास्तरांचं नाव घ्यावं की नाही, यावर मी रात्रभर विचार केला होता. आता घेतलं. चिठ्ठीसकट सगळं सांगितलं.

कोयती त्याने खाली ठेवली. "मास्तर?" तो समोरच्या भाताकडे वळला. "माझ्या थोरल्याला मास्तरांनी शिकवलंय."

"मलाही."

"बाकीच्या किती जणांना सांगितलंस?"

"तुम्ही पहिले."

"मग हितं काय उभी ऱ्हायलीस? मला सांगून काय, माझं गेलंच हाय. त्यांचं जायचंय अजून." त्याने माझ्या हातातली वही ओढून घेतली, नावं बघितली. "ह्याच्याकडं जाशील तेव्हा गाडी खाली फाट्यावरच लाव. वर दिसली तर शेजारी इचारतील. हा पहिल्या पाळीला असतो, तीननंतर जा. हा रविवारी हिरकणीवाडीला पर्यटकांना जेवण वाढतो, तिथं गाठ, घरी नको. घरी त्याचा भाऊ ठेकेदाराचा माणूस हाय."

पुढच्या रविवारपर्यंत नऊही जणांना भेटले. एकाने दार लावून घेतलं. एका बाईने मला आईवरून शिव्या दिल्या, मी उभी राहून ऐकल्या. त्या माझ्याच होत्या, कारण शब्द मी दिला होता. आठवड्याने सगळे त्या वाडीत, त्याच्या अंगणात जमले. एकेकाला हापिसात खुर्ची मिळण्याआधी सगळ्यांनी मिळून, आपापल्या नावाने, कामगार खात्याकडे जायचं का, एवढाच विषय होता. मास्तरांनाही मी निरोप दिला होता: या आणि स्वतः सांगा. ते खाली फाट्यापर्यंत आले होते, असं नंतर एका रिक्षावाल्याने सांगितलं. पंधरा मिनिटं उभे राहिले आणि परत गेले.

अर्जाचा कागद तासभर या हातातून त्या हातात फिरला. मग ज्या बाईने मला शिव्या दिल्या होत्या तीच म्हणाली, "नाव त्यांच्याकडं हायच. मग आपणच मोठ्यानं सांगू की. निदान ते चोरलेलं तरी राहणार नाय." अकरांपैकी नऊ जणांनी सह्या केल्या, दोघांनी केल्या नाहीत. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. पण नावं उघड झाल्यापासून नवं कोणाला काढलेलं नाही. काढलं तर का काढलं, हे आता विचारलं जाईल.

जुनी डिस्क भाच्याने भंगारात टाकली म्हणे. पुस्तक निघालं नाही. मास्तर मंडळात येत नाहीत. पोलादपूरच्या स्टँडवर कधी दिसले तर माझे हात आपोआप नमस्काराला जुळतात, आणि त्यानंतर गाडी सुटेपर्यंत मला माझ्या हातांचा राग येत राहतो. पत्रकं आता मी लिहिते. त्यांच्यासारखी होतात, हे मला कळतं. दुसरी भाषा मला कोणी शिकवलेली नाही.

यंदा मे संपताना मी डिस्कचे चार स्क्रू काढले आणि डबा घेऊन बसले. कुठे न्यायचा, हे ठरत नव्हतं. त्याच दुपारी तो वाडीवरचा माणूस खोलीत आला. काम त्याला परत मिळालेलं नाही, घाटात दरडीच्या कामावर जातो. त्याने भिंतीवरची रेघ बघितली, मग डबा बघितला.

"माझ्याकडं दे," तो म्हणाला. "आमच्या घराला पाणी लागत नाय."

मी चिठ्ठी शोधायला लागले. त्याने मान हलवली. टेबलावरचा जाड काळा मार्कर उचलला आणि डिस्कच्या पत्र्यावरच सही केली, हळूहळू, शाळेतल्यासारखी सगळी अक्षरं काढत. मग मार्कर माझ्यापुढे धरला.

"तू बी कर."